जुन्या मोटारीच्या दर्शकफलकाचा मंद प्रकाश

पानिपत हे नाव मराठी वाचकास १४ जानेवारी १७६१ च्या रणसंग्रामामुळे परिचित आहे. दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटर अंतरावर असलेल्या या नगराजवळून जाणाऱ्या महामार्गावर जानेवारीच्या रात्री दाट धुके उतरते. रस्त्याकडेची झाडे व अंतराचे दगड दिसेनासे होतात; त्यामुळे वेगाचा नुसत्या नजरेने केलेला अंदाज भरवशाचा राहत नाही. अशा वेळी चालकास वेगदर्शकाचाच आधार असतो. परंतु १९६० च्या दशकातील फियाट किंवा अँबॅसडर मोटारीत तो पुष्कळदा वाचता येत नाही, कारण दर्शकफलकामागील दिवे मिणमिणत असतात.

प्रकाश का घटतो?

या मोटारींतील दर्शकांचे दिवे साधारणतः १२ व्होल्ट दाबाचे व अवघ्या २ ते ३ वॅट शक्तीचे असतात. तापलेल्या तंतूपासून मिळणारा प्रकाश दाबाच्या मानाने फार वेगाने कमी होतो. दाब एक-दशांशाने घटला, तर प्रकाश सुमारे तीन-दशांशाने घटतो. १२ व्होल्टऐवजी १० व्होल्टच पोहोचले, तर जवळजवळ अर्धा प्रकाश नाहीसा होतो.

हा दाब वाटेत खर्च होतो. मोटारीत विद्युत्प्रवाह तारेने दिव्याकडे जातो व गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून बॅटरीकडे परततो. या परतीच्या जोडणीस कारागीर ‘अर्थिंग’ म्हणतात. तेथे गंज किंवा रंग आला की प्रवाहास रोध होतो. चार दिव्यांचा परतमार्ग एकच असेल, तर सुमारे दीड ओहम रोधही एक व्होल्ट गिळून टाकण्यास पुरेसा होतो.

दोष कसा शोधावा?

प्रथम दिवे लावून बॅटरीचा दाब मोजावा. मग दिव्याच्या दोन्ही टोकांमधील दाब मोजावा. दोहोंतील फरक हीच वाटेतील हानी होय. त्यानंतर दिव्याच्या धारकापासून बॅटरीच्या सांगाड्यास जोडलेल्या टोकापर्यंत मोजणी करावी. तेथे अर्ध्या व्होल्टहून अधिक दाब आढळल्यास दोष अर्थिंगमध्ये आहे असे समजावे. बॅटरीची जोडणी सोडवून धारक व स्क्रू बारीक पॉलिशकागदाने घासावेत, किंवा परतीसाठी स्वतंत्र तार द्यावी.

काळवंडलेले दिवे बदलावेत. दर्शकाच्या डबीचा आतील पांढरा रंग पिवळा पडला असल्यास तो पुन्हा द्यावा, कारण आकड्यांवर पडणारा बराच प्रकाश त्या रंगावरून परावर्तित होऊन येतो.

मोठा दिवा का नको?

अधिक वॅटचा दिवा बसविणे हा सोपा पण अयोग्य उपाय होय. त्याच्या उष्णतेने धारक व रंगीत पडदे वितळू शकतात, आणि वाढलेल्या प्रवाहामुळे सदोष जोडणी अधिक तापते. आधुनिक एलईडी दिवा थंड राहतो. परंतु त्याची टोके योग्य दिशेने जोडावी लागतात आणि त्याचा प्रकाश बहुधा समोरच पडत असल्याने दर्शक सर्वत्र सारखा उजळत नाही.

शिवाय प्रकाश अति झाल्यासही हानीच होते. अंधारास पूर्ण सरावण्यास मानवी डोळ्यास सुमारे अर्धा तास लागतो, आणि प्रखर फलकाकडे पाहताच ही सवय मोडते. म्हणून आकडे एका दृष्टिक्षेपात वाचता यावेत, पण काचेवर त्यांचे प्रतिबिंब पडू नये, एवढाच प्रकाश असावा. धुक्यात चालकाची दृष्टी मुख्यतः रस्त्यावरच राहिली पाहिजे.