ही झोप नव्हे

आजींनी चाळीस वर्षे चूल फुंकली. धुराने त्यांची छाती कामातून गेली. बारा महिने खोकला. चार पावले चालले की धाप लागे.

थंडीत त्यांना सर्दी झाली. कफ वाढला. एका रात्री दम इतका लागला, की एक वाक्यही पुरे बोलवेना. ओठ निळे पडले. पहाटे आजी गप्प झाल्या. पेंगू लागल्या.

शेजारी म्हणाले, "रातभर जागल्यात. आता डोळा लागलाय. झोपू द्या."

सुनेला राहवेना. तिने आशाताईंना बोलावले. आशाताई मुलाला म्हणाल्या, "दादा, ही झोप नव्हे. आत्ताच्या आत्ता १०८ ला फोन करा. गाडीला पैसे पडत नाहीत."

ही झोप का नव्हे?

श्वास घेतला की प्राणवायू आत जातो. श्वास सोडला की खराब हवा बाहेर पडते. छाती थकली की ती पुरी बाहेर पडत नाही. ती रक्तात साठते. तिची गुंगी चढते. माणूस पेंगतो, बरळतो. उपचार झाले नाहीत, तर श्वास थांबतो.

गाडी येईपर्यंत आजींना बसवून ठेवले. पुढे उशीचा आधार दिला. डॉक्टरांनी दिलेला पंप ओढायला दिला. अशा वेळी रोग्याला आडवे करू नये. झोपेची गोळी किंवा दारू तर मुळीच देऊ नये.

दवाखान्यात बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजला. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, हवा जास्त सोडा ना!"

डॉक्टर म्हणाले, "नाही. या आजारात आकडा ८८ ते ९२ असला की पुरे. जास्त प्राणवायू दिला, तर खराब हवा आणखी साठते."

म्हणून नळीची चावी आपण फिरवू नये.

मग औषधाची वाफ दिली. तोंडावर घट्ट मास्क बांधला. यंत्र श्वासाला जोर देऊ लागले. आजी मास्क ओढू लागल्या. सून हात धरून म्हणाली, "आत्याबाई, थोडं सोसा. मी इथंच आहे."

आठ दिवसांनी आजी घरी आल्या. छाती पहिल्यासारखी झाली नाही. पण आजी आहेत. आता घरात धूर नाही, विडीही नाही.

सांगा पाहू :
१. आजी का पेंगत होत्या?
२. रोग्याला कसे बसवावे?
३. कोणत्या नंबरला फोन करावा?