हळदीकुंकू, नकटा आणि तुझी वही

अगं, काल फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हाच कळलं, बदकांची नावं वाचून तुझं डोकं गरगरलंय. रविवारी सोसायटीतल्या मुलांना बदकं दाखवायला भिगवणला न्यायचंय आणि एकेका बदकाला चार-चार नावं! घाबरू नकोस. तुला जमणार आहे.

खरं सांगू का, पहिल्या वर्षी मीही अशीच अडकले होते. वहीत एका पानावर चक्रवाक लिहिला, दुसऱ्या पानावर ब्राह्मणी बदक. शेवटी नावाडी म्हणाला, "त्ये एकच हाय की, ताई." लडाखकडून हिवाळ्यात येणारं, गंजाच्या रंगाचं ते एकच बदक. हिंदीतला सुरखाबही तोच. नकट्याचं तर बघ, नाव नकटा आणि नराच्या चोचीवर हे एवढं काळं टेंगूळ! काणूक जुन्या इंग्रजी पुस्तकात 'कॉटन टील', नव्यात 'कॉटन पिग्मी गूज'. आहे मात्र आपल्याकडचं सगळ्यांत छोटं बदक.

मुलं वारकरी पक्षी दाखवून "बदक, बदक" ओरडतील. काळाकुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा, पोहतोही बदकांच्याच घोळक्यात. पण तो पाणकोंबडीच्या नात्यातला गं. त्याच्या बोटांना बदकासारखा सलग पडदा नसतो, सुट्या पाळ्या असतात.

म्हणून माझं ऐक, सुरुवात हळदीकुंकू बदकापासून कर. काळी चोच, टोकाला हळदीचं बोट बुडवल्यासारखा पिवळा ठिपका आणि चोचीच्या मुळाशी, डोळ्यांच्या बाजूला, कुंकवाचे दोन लाल ठिपके. हे एकदा दुर्बिणीतून दिसलं की मुलं नाव जन्मात विसरत नाहीत. काही जण त्यालाच धनवर म्हणतात, तेही चूक नाही. त्याच्या शास्त्रीय नावातल्या 'पोसिलोऱ्हिंका'चा अर्थसुद्धा ठिपक्यांच्या चोचीचा असाच आहे, बघ!

वहीत प्रत्येक बदकाला एकच पान दे. वर शास्त्रीय नाव लिही, कारण गाव बदललं तरी ते सहसा बदलत नाही. खाली मराठी, हिंदी, इंग्रजी, जी मिळतील ती सगळी. मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' माझ्याकडे आहे, तोही ने. आणि नावाडीदादा जे नाव सांगतील ते दुरुस्त करायला जाऊ नकोस हं, जसंच्या तसं लिहून घे. त्यांचा जन्म त्या पाण्यावर गेलाय.

शनिवारी संध्याकाळी ये, दुर्बीण पुसून ठेवते.