पाणी, आत्मा आणि नवा जन्म

शास्त्रवाचन : योहान ३:१-१५, प्रेषितांची कृत्ये ८:९-२४, १०:४४-४८



आपल्या मंडळ्यांत दोन प्रश्न वारंवार ऐकू येतात. “तान्हेपणी माझा बाप्तिस्मा झाला, तेवढ्याने माझा नवा जन्म झाला काय?” आणि “मोठेपणी मी खरा विश्वास धरला, तर आता पुन्हा पाण्यात उतरावे काय?” या प्रश्नांवरून घरात वितुष्ट येते, आईबाप एका मंडळीत तर मुले दुसऱ्या मंडळीत जाऊ लागतात. म्हणून हा विषय शांतपणे समजून घेणे अगत्याचे आहे.

१. मते कोणती?

प्रभू येशूने निकदेमाला पाणी व आत्मा यांपासून जन्मण्याविषयी सांगितले (योहान ३:५). पाण्याचा व आत्म्याचा संबंध कसा लावावा, येथे मते वेगळी होतात.

रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स व लूथरन मंडळ्या शिकवतात की बाप्तिस्म्यातच देव नवा जन्म देतो. तीत ३:५ हा त्यांचा एक आधार. प्रेस्बिटेरियन मंडळ्या बाप्तिस्म्याला कराराचे चिन्ह व शिक्का मानतात. अब्राहामाच्या संततीला सुंता, तसा विश्वासणाऱ्यांच्या लेकरांना बाप्तिस्मा; मात्र नवा जन्म त्याच घटकेला होतो, असे त्या म्हणत नाहीत. बाप्तिस्ट मंडळ्या म्हणतात, आधी पश्चात्ताप व विश्वास, मग पाणी. बाप्तिस्मा ही अंतरी झालेल्या कार्याची उघड साक्ष होय. मुक्तिफौजेत तर पाण्याचा विधीच नाही.

या वादाची किंमत भारी पडली आहे. १५२५ च्या जानेवारीत झुरिक येथे काही जणांनी स्वतःच्या विश्वासावरून नव्याने बाप्तिस्मा घेतला. त्यांचा एक पुढारी फेलिक्स मान्झ याला १५२७ साली तेथील प्रॉटेस्टंट नगरसभेनेच नदीत बुडवून मारले. शास्त्र हाती धरून भावाचा जीव घेता येतो, हे आपण विसरू नये.

२. शास्त्र काय दाखवते?

पन्नासाव्या दिवशी पेत्राने पश्चात्ताप, बाप्तिस्मा व आत्म्याचे दान असा क्रम सांगितला (प्रे. कृ. २:३८). शोमरोनात बाप्तिस्मा आधी झाला, आत्मा नंतर मिळाला. कर्नेल्याच्या घरी आत्मा आधी उतरला, पाणी नंतर आले. शिमोन जादूगाराचा बाप्तिस्मा झाला, पण त्याचे अंतःकरण सरळ नव्हते. वधस्तंभावरील पश्चात्तापी चोराला पाणी मिळालेच नाही, तरी सुखलोकाचे अभिवचन मिळाले.

यावरून दोन गोष्टी दिसतात. पहिली, आत्मा पाण्याला बांधलेला नाही. तो वाऱ्याप्रमाणे स्वतंत्र आहे (योहान ३:८). दुसरी, पाणी क्षुल्लक नाही. कर्नेल्याच्या घरच्यांना आत्मा मिळाल्यावरही पेत्राने त्यांना बाप्तिस्मा देण्याची आज्ञा केली.

योहान ३:३ मधील मूळ ग्रीक शब्द ‘अनोथेन’ याचे ‘पुन्हा’ व ‘वरून’ असे दोन्ही अर्थ होतात. निकदेमाने ‘पुन्हा’ एवढेच ऐकले आणि तो आईच्या उदराचा विचार करू लागला. प्रभू वरून मिळणाऱ्या जन्माविषयी बोलत होता. जन्म कोणी कमावत नाही; तो मिळतो.

३. एकत्र राहण्याचा मार्ग

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारतीय मंडळीची स्थापना झाली. तिच्यात बालबाप्तिस्मा देणाऱ्या अँग्लिकन आदी मंडळ्या आल्या, तशाच प्रौढांनाच बाप्तिस्मा देणाऱ्या बाप्तिस्ट व ब्रदरन मंडळ्याही आल्या. तिने दोन्ही पद्धती मान्य केल्या. मात्र बालपणी बाप्तिस्मा झालेल्याने पुढे स्वमुखाने विश्वासाची कबुली द्यावी, असे ठरले. आम्हांस वाटते, यात मोठा बोध आहे. बालबाप्तिस्मा देणाऱ्यांनी ती कबुली केवळ रिवाज होऊ देऊ नये. प्रौढबाप्तिस्मा देणाऱ्यांनी दुसऱ्याच्या बाप्तिस्म्याला तुच्छ लेखू नये.

शिक्षकहो, दृढीकरणाच्या वर्गात मुलांना बाप्तिस्म्याची तारीख विचारा. पण तेथेच थांबू नका. आत्म्याची फळे (गलती. ५:२२-२३) घरात, शाळेत, भावंडांशी वागताना दिसतात काय, हेही प्रेमाने विचारा. ज्याला नव्या जन्माचा नेमका दिवस सांगता येत नाही, त्याला भिववू नका. आपला पहिला श्वास कोणाला आठवतो? आज श्वास चालू आहे, हीच जिवंतपणाची खूण.

चर्चेसाठी प्रश्न

१. शिमोन व कर्नेल्य यांच्यात कोणता फरक दिसतो?
२. रोम. ६:३-४ प्रमाणे आपला बाप्तिस्मा आजच्या वागणुकीविषयी काय सांगतो?
३. वेगळे मत असलेल्या नातलगाबरोबर आपण प्रार्थनेस बसतो काय?