गळीत हंगामापूर्वी लस का टोचावी?



लागणीआधी आपण बेणेप्रक्रिया करतो. कोंब मेल्यावर बेणे औषधात बुडवून उपयोग काय? जनावरांच्या लसीचेही तसेच आहे.

लाळ्या-खुरकूत हा विषाणूचा रोग. तोंडात व खुरांच्या बेचक्यात फोड येतात, लाळ गळते, जनावर लंगडते. या विषाणूला मारणारे औषध नाही. मोठी जनावरे सहसा वाचतात, पण गाय दुधातून जाते, बरा झालेला बैलही उन्हात धापा टाकतो. लहान वासरे मात्र दगावतात.

लस काय करते? लसीत मारलेले विषाणू असतात. त्यांनी रोग होत नाही, पण शरीराला शत्रूची ओळख पटते आणि रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात. त्याला दोन-तीन आठवडे लागतात. पुढे ती कमी होत जातात, म्हणून दर सहा महिन्यांनी लस. ओ, ए आणि एशिया-1 हे विषाणूचे तीन प्रकार आपल्याकडे आढळतात. एकाची ओळख दुसऱ्याला चालत नाही, म्हणून लसीत तिन्ही असतात.

हंगामात तोडणीच्या टोळ्या बैलगाड्या घेऊन येतात. रस्ता एक, हौद एक, वाढ्यांचा ढीग एक. एकाची लाळ दहा गोठ्यांत जाते. म्हणून सप्टेंबरातच लस झालेली बरी.

कुणी म्हणेल, "साहेब, लस दिली की दूध आटतं." माझे वडीलही हेच म्हणाले होते. मी पदविकेला होतो. त्यांनी लस नाकारली आणि दिवाळीनंतर रोग आला. गाय वाचली, वासरू गेले. लसीने कमी झालेले दूध दोन-चार दिवसांत परत येते. वासरू आले नाही.

ध्यानात ठेवा :

1. वासराला चौथ्या महिन्यात पहिली लस, महिन्याने दुसरी.
2. लस बर्फपेटीतूनच आणावी. ती 2 ते 8 अंशांत राहावी, गोठू नये.
3. आजारी जनावर वेगळे बांधावे. गोठा धुण्याच्या सोड्याने धुवावा : 10 लिटर पाण्यात 400 ग्रॅम.
4. एकट्याच्या गोठ्याने भागत नाही. शेजाऱ्याचे आणि टोळीचे बैलही टोचून घ्यावेत.

बुळकांडीने एके काळी गोठे ओस पाडले. लसीच्या जोरावर तो रोग हटला आणि 2011 साली जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. मग लाळ्या-खुरकुताला आपणच वाट का द्यायची?

आपला,
ऊस विकास अधिकारी