विमानतळावरील लाउंज : गर्दीचा हिशेब आणि मजलिसीचे आदाब

विमानाने प्रवास करणे ही आता केवळ श्रीमंतांची गोष्ट राहिलेली नाही. भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीचा मध्यम कापड व्यापारीसुद्धा सूत खरेदीसाठी कोइम्बतूरला आणि वसुलीसाठी कोलकात्याला विमानाने जातो. दोन दिवस वाचतात, हे त्याचे साधे कारण. या प्रवासात लाउंज नावाची एक जागा आपल्या परिचयाची झाली आहे. बसायला मऊ खुर्ची, चहा-नाश्ता, फोन चार्ज करण्याची सोय. आणि हे सारे बँकेचे कार्ड दाखवले की जवळजवळ फुकट! परंतु आज सकाळच्या वेळी या जागेच्या दारातच रांग दिसते. आत खुर्ची मिळत नाही. मिळाली तर शेजाऱ्याच्या फोनच्या आवाजाने बसवत नाही. असे का झाले, त्यातून व्यापाऱ्याने काय शिकावे आणि आपण स्वतः तेथे कसे वागावे, या तीन गोष्टी आजच्या पाठात पाहू.

१. ही सोय आली कोठून?

विमानतळावरील पहिले लाउंज अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने १९३९ साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर सुरू केले. त्याचे नाव अ‍ॅडमिरल्स क्लब. सुरुवातीला कंपनी ज्यांना बोलावील त्यांनाच तेथे प्रवेश होता. पुढे पैसे भरून सदस्य होण्याची पद्धत आली. १९९२ साली प्रायॉरिटी पास ही योजना निघाली आणि एकाच सदस्यत्वावर निरनिराळ्या विमानतळांवरील लाउंज वापरता येऊ लागले. त्यानंतर बँकांनी ही सवलत आपल्या कार्डांबरोबर जोडली.

प्रवाशाच्या विसाव्याची कल्पना मात्र आपल्याला नवी नाही. शेरशाह सूरीने १५४० ते १५४५ या अवघ्या पाच वर्षांच्या कारकिर्दीत रस्त्यांच्या कडेला सरायांची रांग उभी केली. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्याने हाजींच्या पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या आहेत. मुंबईहून जेद्दाहला जाणारी हाजींची जहाजे १९९५ साली बंद झाली आणि सारा प्रवास विमानाने होऊ लागला. जेद्दाहच्या विमानतळावर १९८१ साली हज टर्मिनल खुले झाले. त्याचे छत म्हणजे २१० प्रचंड तंबू आहेत, आणि आम्हा कापडवाल्यांना विशेष वाटावे असे की ते काचतंतूंच्या कापडाचे असून त्यावर टेफ्लॉनचा लेप आहे. त्याच्या रचनेत ढाक्यात शिकलेले अभियंता फजलुर रहमान खान यांचा मोठा वाटा होता. त्या छताखाली राजा आणि हमाल एकाच सावलीत बसतात. सरायमध्ये आणि मुसाफिरखान्यात प्रवासी असणे हाच प्रवाशाचा हक्क होता. लाउंजमध्ये कार्ड हा हक्क आहे. गर्दीचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

२. ‘फुकट’चा हिशेब

दारावर आपले कार्ड मशीनमधून फिरवले जाते. बऱ्याच कार्डांवर त्या वेळी अवघे २ रुपये कापले जातात. तेवढ्यात चहा, इडली, उपमा आणि पोहे मिळतात, असे आपल्याला वाटते. वास्तविक ते २ रुपये कार्ड चालू आहे की नाही, एवढे पाहण्यासाठी असतात. खरी रक्कम दर माणशी बँक किंवा कार्ड कंपनी लाउंज चालवणाऱ्याला देते. म्हणजे ही मेजवानी फुकट नाही. तिचा यजमान फक्त समोर दिसत नाही.

आता मागणी पाहा. देशांतर्गत विमान प्रवाशांची संख्या २०१४ साली सुमारे ६ कोटी ७४ लाख होती. २०२४ साली ती सुमारे १६ कोटी १३ लाख झाली. कार्डेही त्याच काळात घरोघर पोहोचली. खुर्च्या मात्र त्या प्रमाणात वाढणे शक्य नव्हते, कारण विमानतळाच्या इमारतीतील जागा रबरासारखी ताणता येत नाही.

एक सोपे गणित करू. समजा, एका लाउंजमध्ये २०० खुर्च्या आहेत आणि प्रत्येक प्रवासी सरासरी दोन तास बसतो. तर तासाला १०० माणसांची सोय होते. तासाला १५० माणसे आली तर ५० माणसे दारात उभी राहणारच. आता प्रत्येक चार माणसांमागे एका माणसाने आपली बॅग शेजारच्या खुर्चीवर ठेवली असे धरा. चार माणसांना पाच खुर्च्या लागल्या. म्हणजे २०० खुर्च्यांवर १६० माणसेच बसली आणि तासाला १०० ऐवजी ८० जणांची सोय झाली. उलट प्रत्येकाने दोन तासांऐवजी दीड तासच बसायचे ठरवले, तर त्याच खुर्च्यांवर तासाला १३३ माणसे बसतील. एक वीटही न लावता जागा वाढली! माग चालवणाऱ्याला हे लगेच समजेल. मागांची संख्या तीच असते. माग किती वेळ अडून राहतो, यावर उत्पादन ठरते.

३. कंपन्यांनी काय केले?

गर्दी झाल्यावर देणाऱ्याने हात आखडता घेतला. अमेरिकेच्या डेल्टा या विमान कंपनीने जून २०२२ पासून विमान सुटण्याच्या तीन तासांहून आधी प्रवेश देणे बंद केले. सप्टेंबर २०२३ मध्ये तिने आणखी कडक नियम जाहीर केले. ग्राहक इतके संतापले की पुढच्याच महिन्यात कंपनीला ते सौम्य करावे लागले. अखेरीस १ फेब्रुवारी २०२५ पासून निरनिराळ्या कार्डांवर वर्षाला १० किंवा १५ भेटींची मर्यादा आली. अमेरिकन एक्सप्रेसनेही १ फेब्रुवारी २०२३ पासून आपल्या अमेरिकेतील लाउंजमध्ये सोबतच्या पाहुण्यासाठी ५० डॉलर आकारण्यास सुरुवात केली. वर्षाला ७५ हजार डॉलर खर्च करणाऱ्या कार्डधारकालाच त्यातून सूट मिळाली. आपल्याकडे २०२३ च्या अखेरीपासून अनेक बँकांनी आधीच्या तिमाहीत कार्डावर ठराविक रक्कम खर्च केली असेल तरच प्रवेश, अशी अट घातली.

यातून व्यापाऱ्याने दोन धडे घ्यावेत. पहिला धडा देणाऱ्यासाठी आहे. दुसऱ्याच्या खुर्चीच्या भरवशावर आपण वचन देऊ नये. रमजानच्या हंगामात एखादा दुकानदार कापडावर शिलाई मोफत अशी पाटी लावतो. कापड खपते, पण शिंपी दोनच असतात. ईदच्या आदल्या रात्री पन्नास गिऱ्हाईके दारात उभी राहतात आणि वर्षभराची कमाई असलेले नाव एका रात्रीत जाते. योजना काढण्यापूर्वी शिंपी मोजावेत. वचन पुरे करण्याबाबत अल्लाहकडे विचारणा होणार आहे, याची जाणीव मुस्लिम व्यापाऱ्याने तरी ठेवावी.

दुसरा धडा घेणाऱ्यासाठी आहे. लाउंजच्या ओढीने कार्ड घेणे आणि अट पुरी करण्यासाठी गरज नसलेली खरेदी करणे हा तोट्याचा सौदा आहे. एका नाश्त्यासाठी हजारो रुपयांचा खर्च ओढवून घेणे हिशेबात बसत नाही. क्रेडिट कार्डाचे बिल वेळेवर भरले नाही तर व्याज लागते, आणि व्याजाबाबतचा आपल्या दीनचा हुकूम सर्वांना ठाऊक आहे. नाश्त्याची गरज असेल तर बाहेरच्या दुकानातून चहा विकत घ्यावा. तो स्वस्त पडेल आणि मनही स्वस्थ राहील.

४. मजलिसीचे आदाब

नियम माणसांची संख्या आवरतो. माणसाला आवरण्याचे काम तहजीब करते. लाउंज ही एक मजलिसच आहे. अनोळखी माणसे थोड्या वेळासाठी एकत्र बसतात. मजलिसीचे आदाब आपल्याला चौदाशे वर्षांपूर्वीच शिकवले गेले आहेत.

(अ) जागा करून देणे. दिव्य कुरआनच्या सूरह मुजादलाच्या ११ व्या आयतीत मजलिसीत इतरांसाठी जागा मोकळी करण्याचा हुकूम आहे आणि असे करणाऱ्याला अल्लाह ऐसपैस देईल, असे आश्वासनही आहे. म्हणून बॅग पायाशी ठेवावी. खुर्ची माणसासाठी आहे.

(ब) दुसऱ्याची जागा न घेणे. बसलेल्याला उठवून त्याच्या जागी बसण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली, अशी हदीस बुखारी व मुस्लिममध्ये आहे. थोड्या वेळासाठी उठून गेलेला माणूस परत आला तर त्या जागेवर त्याचा हक्क अधिक, हेही मुस्लिमच्या हदीसमध्ये आहे. परंतु याचा अर्थ रुमाल टाकून तासभर खरेदीला जावे, असा नव्हे. वजूला किंवा चहा आणायला गेलेला माणूस वेगळा आणि जागा अडवून फिरणारा वेगळा.

(क) अन्न. अनेक जण लाउंजमधून फळे, बिस्किटे आणि पाण्याच्या बाटल्या पिशवीत भरून नेतात. फिकहमध्ये इबाहत आणि तम्लीक असा भेद केला आहे. पाहुण्याला खाण्याची परवानगी मिळते; अन्नाची मालकी मिळत नाही. यजमानाच्या परवानगीवाचून ते घरी नेता येत नाही. लाउंजच्या टेबलाला हाच नियम लागू आहे. ताटात घेऊन टाकून देणे हा इसराफ आहे. मांसाहारी पदार्थ हलाल आहे की नाही, हे नम्रपणे विचारावे. समाधान झाले नाही तर फळे, डाळ-भात आणि चहा पुरेसा आहे. त्यावरून सेवकाशी हुज्जत घालू नये.

(ड) वजू आणि नमाज. वॉशबेसिनमध्ये पाय धुतल्याने फरशी ओली होते, कोणी घसरते आणि बोल आपल्या दीनला लागतो. शक्यतो घरून वजू करून निघावे. करावाच लागला तर बेसिन व फरशी पुसून घ्यावी. मुसल्ला वाटेवर अंथरू नये; नमाजाच्या खोलीची चौकशी करावी किंवा कोपरा शोधावा. प्रवासी असाल तर चार रकअतींची फर्ज नमाज दोन रकअतींची होते. तेवढ्यासाठी कोणाची वाट अडवण्याचे कारण नाही.

(इ) आवाज आणि अमानत. मजलिसीतील बोलणे अमानत असते, अशा अर्थाची हदीस अबू दाऊदमध्ये आहे. तिचा अर्थ मला उशिरा कळला. काही वर्षांपूर्वी मुंबईच्या विमानतळावर एका पहाटे मी माझ्या भागीदाराशी फोनवर बोलत होतो. ४० नंबरच्या सुताला किती भाव द्यायचा आणि अगदी शेवटी किती चढायचे, हे सारे मी मोठ्याने सांगितले. माझी बॅग शेजारच्या खुर्चीवर होती आणि तिच्यामुळे एक गृहस्थ बाजूला उभे होते. फोन ठेवल्यावर ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “शेठ, मीपण त्याच बाजारात सूत घ्यायला चाललोय. तुमचा शेवटचा भाव माझ्या कानावर पडला. मी तो कोणाला सांगणार नाही, पण यापुढे जपून बोला.” किलोमागे दोन रुपयांचा फरक पडला असता तर माझा त्या हंगामाचा नफा गेला असता. मी बॅग खाली घेतली आणि त्यांना बसायला सांगितले. ते गृहस्थ मुसलमान नव्हते. जी अमानत मला लहानपणी मदरशात पाठ करून घेतली होती, ती त्यांनी पाळून दाखवली आणि मी विसरलो होतो.

५. उभ्या प्रवाशाचा हक्क

रस्त्यावर बसू नका, असे प्रेषितांनी (स.) सहाबींना सांगितले. बसण्यावाचून गत्यंतर नाही, असे सहाबी म्हणाले, तेव्हा त्यांनी रस्त्याचा हक्क अदा करण्यास सांगितले : नजर खाली ठेवणे, कोणाला त्रास न देणे, सलामचे उत्तर देणे, भल्याचा आदेश देणे आणि बुऱ्यापासून रोखणे. लाउंजचाही असाच हक्क आहे. दारात उभ्या असलेल्या माणसाचा आपल्या खुर्चीत हिस्सा आहे. चहा झाला, नमाज झाली, फोन चार्ज झाला की उठावे. आता बऱ्याच विमानतळांवर प्रत्येक विमानाचा पुकारा होत नाही. वेळेवर उठणारा माणूस दुसऱ्याला जागा देतो आणि स्वतःचे विमानही चुकवत नाही. उठताना कप आणि कागद उचलून ठेवावेत आणि टेबल पुसणाऱ्या मुलाला दोन शब्द चांगले बोलावेत. तो पहाटेपासून उभा असतो आणि त्याला कोणतेही कार्ड मिळालेले नसते.

वाचकहो, बाजारात आपली ओळख मालावरून होते, तशी ती बसण्या-उठण्यावरूनही होते. समोर बसलेला अनोळखी माणूस उद्याचा गिऱ्हाईक असेल किंवा नसेल. पण त्याचा हक्क आजचा आहे. पुढच्या प्रवासात बॅग पायाशी ठेवून सुरुवात करा. इन्शाअल्लाह, बाकीचे आदाब आपोआप पाळले जातील.