आतून जे वाटते, ते खरे असते काय?
(तत्त्वचिंतनातील अंतःप्रज्ञेचे स्थान : एक अभ्यास)

काही गोष्टी आपल्याला विचार करण्यापूर्वीच कळल्यासारख्या वाटतात. कोणी निरपराध्याला शिक्षा केली, तर तो अन्याय आहे हे सिद्ध करण्यास आपण ग्रंथ उघडत नाही. पुराव्याची वाट न पाहता मनात उमटणाऱ्या या जाणिवेस तत्त्वज्ञानात अंतःप्रज्ञा म्हणतात. बोलीभाषेत आपण ‘आतून वाटणे’ म्हणतो. ही जाणीव सत्याचा पुरावा मानावी काय, हा प्रश्न या लेखात विचारार्थ घेतला आहे.

अंतःप्रज्ञेचे सामर्थ्य

आठव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मोत्तर याने दिलेले एक उदाहरण आज जगभरचे अभ्यासक आवर्जून सांगतात. तहानलेल्या वाटसरूला दूर पाणी दिसते. वस्तुतः ते मृगजळ असते. परंतु तेथे पोहोचल्यावर योगायोगाने एका खडकाखाली त्याला खरोखरच पाणी सापडते. ‘तेथे पाणी आहे’ हे त्याचे मत खरे ठरले. मग दुरून पाहताना त्याला पाण्याचे ज्ञान झाले होते काय? विदर्भाच्या उन्हात डांबरी रस्त्यावर मृगजळ पाहिलेला कोणीही चटकन ‘नाही’ असे म्हणेल.

हे ‘नाही’ कोणत्याही सिद्धांतातून आलेले नाही. उलट, त्याच्याच कसोटीवर सिद्धांत तपासला जातो. केवळ मत खरे निघाले वा कृती सफल झाली म्हणजे ज्ञान झाले, ही व्याख्या येथे अपुरी ठरते. अमेरिकन तत्त्वज्ञ एडमंड गेटियर यांनी १९६३ साली अवघ्या तीन पानांच्या निबंधात अशाच धर्तीची उदाहरणे देऊन ज्ञानाची जुनी व्याख्या हादरवली. अंतःप्रज्ञा ही अशी चूक दाखवणारी सूचना असते. तिला हद्दपार केले, तर तत्त्वचिंतनाला प्रारंभबिंदूच उरणार नाही.

मसूर स्थानकावरील दोन जाणिवा

परंतु हीच अंतःप्रज्ञा किती फसवी असू शकते, हे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बालपणातील एका प्रसंगावरून कळते. १९०१ साली वडिलांना भेटण्यासाठी साताऱ्याहून निघालेले बाल भीमराव घरातील इतर मुलांसह मसूर स्थानकावर उतरले. मुलांचे कपडे नीटनेटके होते. ही ब्राह्मणांची मुले असावीत असे स्टेशनमास्तरला वाटले आणि त्याला त्यांची कणव आली. मग त्याने जात विचारली. मुलाने ‘महार’ असे उत्तर देताच त्याच्या चेहऱ्यावर घृणा पसरली व तो मागे सरला.

मुले तीच आणि माणूसही तोच. मध्ये केवळ एक शब्द आला. आधीची कणव आणि नंतरची घृणा, दोन्ही विचाराविना उमटल्या आणि दोन्ही त्याला तितक्याच खऱ्या वाटल्या असतील. म्हणजे जिला आपण ‘आतला आवाज’ म्हणतो, ती कित्येकदा बाहेरून आत घातलेली शिकवण असते. शतकानुशतकांच्या सवयीने अस्पृश्यतेला स्वाभाविकतेचे रूप दिले होते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शाळेत वेगळे बसणे, नळाला हात न लावणे हे तोवर आपणही चालत आलेले म्हणूनच धरून चाललो होतो, या प्रवासाच्या धक्क्याने प्रथमच त्याविषयी विचार सुरू झाला, अशी नोंद बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत केली आहे. ज्याच्यावर अन्याय होतो, त्यालाही तो अन्याय दिसेलच असे नाही.

तथागतांची कसोटी

मग कोणती जाणीव स्वीकारावी? कोसल देशातील केसपुत्त गावी कालामांनी तथागतांपुढे अशीच अडचण मांडली होती. अंगुत्तर निकायातील या उपदेशात परंपरा, ऐकीव वार्ता, धर्मग्रंथ यांवर डोळे झाकून विसंबू नये असे सांगितले आहे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्याच यादीत केवळ तर्क, आणि आपल्या मताशी जुळते म्हणून पटणे, यांचाही समावेश आहे, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ग्रंथप्रामाण्याला नकार देऊन स्वतःच्या मनाला प्रमाण मानले, तर एका गुरूच्या जागी दुसरा बसवल्यासारखेच होईल.

तथागतांनी दिलेली कसोटी आचरणाची आहे. ही जाणीव लोभ, द्वेष वा मोह यांतून आली आहे काय? ती आचरली असता स्वतःचे व इतरांचे अहित होते की हित? सुज्ञ जन तिची निंदा करतात की प्रशंसा? या कसोटीवर स्टेशनमास्तरची घृणा टिकत नाही. मुलाला बसलेला धक्का मात्र टिकतो.

सातव्या शतकातील आचार्य धर्मकीर्ती यांनीही सावध केले आहे की शोकाने वा भयाने ग्रासलेल्या माणसाला समोर नसलेली गोष्टही समोर असल्यासारखी स्पष्ट दिसते. स्पष्टपणा हा सत्याचा पुरावा नव्हे.

जाणिवेपासून प्रज्ञेपर्यंत

बौद्ध परंपरेत प्रज्ञेचे तीन प्रकार सांगितले आहेत : ऐकून येणारी श्रुतमयी, विचाराने येणारी चिंतनमयी आणि भावनामयी. येथे ‘भावना’ म्हणजे भावविवशता नव्हे, तर ध्यानाने व सततच्या अभ्यासाने घडवलेली जाण होय. म्हणजे अंतर्दृष्टी ही आयती मिळत नाही, ती कमवावी लागते.

बाबासाहेबांचे धर्मांतर हे याचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधल्या एकवीस वर्षांत त्यांनी धर्मांचा अभ्यास केला आणि १९३६ साली मुंबईच्या परिषदेत धर्मांतरामागील कारणे लोकांपुढे मांडली. येवल्याची जाणीव प्रामाणिक होती. तरीही ती तपासण्यास त्यांनी दोन दशके दिली.

निवासी शाळेत वाढणाऱ्या मुलासाठी याचा अर्थ साधा आहे. मूल ‘मला हे बरोबर वाटत नाही’ असे म्हणते, तेव्हा पालकांनी व शिक्षकांनी त्याला गप्प करू नये. तसेच ‘तुला वाटते ना, मग तेच खरे’ असेही म्हणू नये. ‘तुला असे का वाटते?’ हा एकच प्रश्न त्याला विचारावा. आपण माजी विद्यार्थ्यांनीही विवाह, मैत्री, शेजार यांबाबत मनात उठणाऱ्या आवडीनिवडींना तोच प्रश्न विचारावा. मसूरच्या त्या स्टेशनमास्तरला स्वतःच्या मनाला हा प्रश्न विचारण्याची सवय असती, तर तो मागे सरण्यापूर्वी कदाचित थांबला असता.