नऊशे वर्षांचा ग्रंथ आणि पंधरा वर्षांची तबकडी

इ. स. १०८५ च्या नाताळात इंग्लंडचा राजा पहिला विल्यम ग्लॉस्टर येथे आपल्या सरदारांशी मसलत करीत होता. हे राज्य त्याने एकोणीस वर्षांपूर्वी तलवारीच्या बळावर जिंकले होते. परंतु जिंकलेल्या भूमीत गावे किती, नांगर किती, पाणचक्क्या किती आणि कोणाकडून किती कर यावयाचा, याचा नक्की हिशेब त्याच्यापाशी नव्हता. त्याने गावोगाव अधिकारी धाडले. तेरा हजारांहून अधिक ठिकाणांची माहिती गोळा झाली आणि ती चर्मपत्रावर लॅटिन भाषेत लिहून काढण्यात आली. सातबाराच्या उताऱ्यावर जशी शेताची नोंद असते, तशीच ही इंग्लंडच्या बहुतेक सर्व भागाची नोंद होती. त्या नोंदीविरुद्ध कोणाला दाद मागता येत नसे. म्हणून लोक तिला 'डूम्सडे', म्हणजे अखेरच्या न्यायाच्या दिवसाचा ग्रंथ, म्हणू लागले. हा ग्रंथ आजही लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात सुखरूप आहे.

इ. स. १९८६ मध्ये या ग्रंथाला नऊशे वर्षे पूर्ण व्हावयाची होती. त्या निमित्ताने बीबीसी या संस्थेने ठरविले की, आपल्या काळातील ब्रिटनचीही अशीच नोंद करून ठेवावी. मात्र या वेळी राजाचे अधिकारी गावोगाव हिंडले नाहीत. ते काम प्रामुख्याने शाळांतील मुलांनी केले. सबंध देशाचे चार किलोमीटर लांब व तीन किलोमीटर रुंद असे तुकडे पाडण्यात आले आणि एकेक तुकडा एकेका शाळेकडे किंवा मंडळाकडे सोपविण्यात आला. कोणी दुकाने मोजली, कोणी शेतांतील पिके टिपली, कोणी आपल्या शाळेचा दिनक्रम लिहिला. दहा लाखांच्या आसपास माणसांचा हात या कामाला लागला, असे सांगतात. त्यांतून सुमारे दीड लाख पृष्ठांचा मजकूर आणि वीस हजारांहून अधिक छायाचित्रे जमली.

हे सारे कागदावर छापावयाचे नव्हते. ते लेसर किरणांनी वाचल्या जाणाऱ्या, जेवणाच्या ताटाएवढ्या मोठ्या, चकचकीत तबकड्यांवर साठविण्यात आले. तबकडी वाजविण्याचे यंत्र फिलिप्स कंपनीचे होते व त्याला जोडलेला संगणक एकॉर्न कंपनीचा. पडद्यावर प्रथम ब्रिटनचा नकाशा येई. एक गोळा हाताने फिरवून नकाशावरील हव्या त्या जागी खूण नेली व कळ दाबली की तोच भाग मोठा होऊन समोर येई. पुन्हा दाबली की आणखी जवळचा. शेवटी त्या गावाचे छायाचित्र आणि तेथील मुलांनी लिहिलेला मजकूर दिसे. दुसऱ्या एका तबकडीवर तर छायाचित्रांतून फेरफटका मारण्याची सोय होती : पुढे जावे, डावीकडे वळावे, एखाद्या घराच्या आत डोकावावे. चित्रपट पाहणारा जे दाखविले जाईल ते पाहतो. येथे मात्र पाहणाऱ्याच्या हाताप्रमाणे पुढचे दृश्य ठरे. मजकूर, चित्र, नकाशा व ध्वनी एकत्र असून जे पाहणाऱ्याला असे प्रत्युत्तर देते, त्याला संवादी बहुमाध्यम म्हणतात. आज भ्रमणध्वनीच्या नकाशावर बोटे फिरविताना कोणाला त्याचे नवल वाटत नाही. १९८६ साली ते खरोखर नवल होते.

पण या नवलाची किंमत भारी होती. संपूर्ण संच सुमारे पाच हजार पौंडांना पडे. अनेक शाळांना तो घेणे परवडले नाही. त्यामुळे ज्या मुलांनी पावसापाण्यात हिंडून माहिती गोळा केली, त्यांतील कित्येकांना आपले लेखन पडद्यावर कधी पाहावयासच मिळाले नाही. ही गोष्ट मनाला लागते.

पुढे याहून विचित्र प्रकार घडला. संगणक झपाट्याने बदलले. तसली यंत्रे निघेनाशी झाली व होती ती बिघडू लागली. पंधरा-सोळा वर्षांत अशी वेळ आली की, तबकड्या धडधाकट होत्या, परंतु त्या वाचू शकणारी यंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. मोडी लिपीतील कागदाला वाळवी लागलेली नसावी, पण घरात मोडी वाचणारा कोणी नसावा, तशी ही गत! विल्यमचा ग्रंथ वाचावयास उजेड, डोळे व लॅटिनचे ज्ञान पुरे होते.

तेव्हा लीड्स व मिशिगन येथील विद्यापीठांतील संशोधक या कामास लागले. जुनी यंत्रे किती दिवस दुरुस्त करीत बसणार? त्यांनी निराळी युक्ती योजिली. बहुरूपी जसा कधी पोलीस होतो, कधी वैद्य होतो आणि समोरच्याला खरा वाटतो, तसे नव्या संगणकाला जुन्या संगणकाचे सोंग घ्यावयास त्यांनी शिकविले. तबकडीवरील आज्ञावलीला ते यंत्र आपलेच वाटले आणि २००२ मध्ये नव्या संगणकावर जुनी पृष्ठे उघडली. २०११ मध्ये गावोगावची ती पृष्ठे बीबीसीने इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली. ते संकेतस्थळही २०१८ मध्ये बंद झाले. तथापि त्याची प्रत तत्पूर्वीच राष्ट्रीय अभिलेखागाराने, म्हणजे मूळ डूम्सडे ग्रंथ सांभाळणाऱ्या संस्थेनेच, जतन केली होती.

अशी पाळी एकाच तबकडीवर आली असे नाही. इ. स. १९९६ पासून 'फ्लॅश' नावाच्या साधनाने असंख्य हलती चित्रे, खेळ आणि शाळेचे पाठ तयार झाले. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याच्या मालक कंपनीने त्याचा आधार काढून घेतला आणि ते सारे एकाएकी मुके झाले. त्यांतील बरेचसे याच बहुरूप्याच्या युक्तीने पुन्हा बोलू लागले आहे. फ्लॅशवर काम करणाऱ्या माणसांना मात्र नवी साधने शिकणे भाग पडले. ज्यांना केवळ त्या साधनाच्या कळा पाठ होत्या, त्यांना हे जड गेले असल्यास नवल नाही; ज्यांचा हात चित्रकलेत मुरलेला होता व ज्यांना आज्ञावलीमागील तर्क कळत होता, त्यांनी अवजार तेवढे बदलले.

या क्षेत्रात आज चित्रकार लागतात, आज्ञावली लिहिणारे लागतात, ध्वनी मुद्रित करणारे लागतात आणि सोपी, नेमकी भाषा लिहिणारेही लागतात. त्यांच्या जोडीला आता जतन करणाऱ्यांचा एक नवा व्यवसाय उभा राहिला आहे. ग्रंथालये, संग्रहालये आणि चित्रपटांची भांडारे यांत ही माणसे काम करतात. एखादी जुनी तबकडी हाती आली की प्रथम ते तिची प्रत काढतात. मग ती कोणत्या यंत्रावर, कोणत्या आज्ञावलीने आणि कोणत्या साली तयार झाली, हे शोधून शेजारी लिहून ठेवतात. इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे संगणकांचे एक संग्रहालय आहे. तेथे ही डूम्सडेची तबकडी आजही पाहावयास मिळते.